थायरॉईडची गोळी सुरू झाली, आता लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाचं काय?

थायरॉईड ग्रंथी कमी काम करतेय हे कळलं, गोळी सुरू झाली, दोन महिन्यांनी टीएसएच (ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन, ग्रंथी मंदावली की ते वाढतं) खाली आला. तरीही जिना चढताना धाप लागतेय, फणीत केसांचे पुंजके येताहेत, दुपारी चारच्या सुमाराला डोळे मिटायला लागतात. माझं अगदी असंच झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट तर चांगला आहे." रिपोर्ट खरोखरच चांगला होता. पण त्या कागदावर फेरिटिन नव्हतं आणि बी-१२ही नव्हतं. पुढे वर्षभराने ते तपासलं तेव्हा फेरिटिन ७ निघालं, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा जवळपास संपलेला.

ते वर्ष मला आजही सलतं. म्हणून ज्यांची गोळी नुकतीच सुरू झाली आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, अकरा वर्षं ही गोळी घेणारी रुग्ण आहे. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम. पण कुठली गोळी किती वाजता, रक्त कधी द्यायचं, काय विचारायचं हे आपल्या हातात असतं, आणि निम्मी लढाई तिथेच असते.

एक गोष्ट आधीच पक्की करू. जीवनसत्त्वं, बिया, लाडू, चूर्ण यांतलं काहीही लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या गोळीतल्या औषधाची, जागा घेत नाही. थायरोनॉर्म असो, एल्ट्रॉक्सिन असो, गोळी चालूच ठेवायची. बाकी सगळं तिच्या जोडीला.

हे दोन विषय एकत्र का येतात

थायरॉईड ग्रंथी हार्मोन बनवते ते एका एन्झाइमच्या मदतीने, आणि त्या एन्झाइमला लोह लागतं. म्हणजे लोह कमी पडलं की ग्रंथीचंही अडतं. उलट बाजूने, थायरॉईड मंदावला की अनेक बायकांना पाळीत जास्त रक्त जातं आणि लोह आणखी खाली जातं. पोटातलं आम्ल कमी झालं तर अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांमध्ये या आजाराचं मूळ हाशिमोतो थायरॉयडायटिस असतं. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली त्याचं वर्णन केलं म्हणून हे नाव. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करते. अशा माणसांमध्ये तोच प्रकार जठराच्या अस्तरातही होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. तसं झालं की बी-१२ शोषलं जात नाही, मग रोज कितीही दूध प्या. गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होणारा सीलिअॅक हा आजारही हाशिमोतोच्या रुग्णांत जास्त आढळतो. लोह, ड जीवनसत्त्व दोन्ही वर येत नाहीत आणि गोळीचा डोस मात्र वाढतच चाललाय, असं असेल तर डॉक्टरांना सीलिअॅकच्या तपासणीबद्दल जरूर विचारा. पण तपासणीच्या आधी स्वतःहून पोळ्या बंद करू नका. गहू सोडलेला असताना ही तपासणी खोटी 'सर्व ठीक' येऊ शकते.

पायरी पहिली: काहीही सुरू करण्याआधी मोजा

मैत्रिणीने सांगितलं म्हणून बी-१२चं इंजेक्शन घेतलं आणि मग तपासायला गेलात, तर आकडा भरपूर दिसतो आणि मूळ कमतरता होती की नाही ते कळतच नाही. म्हणून आधी रक्त.

एवढं पुरे: टीएसएच आणि फ्री टी-४ (थायरॉईड ग्रंथीचं रक्तातलं हार्मोन), हिमोग्लोबिनसह संपूर्ण रक्तगणना, फेरिटिन, बी-१२, आणि ड जीवनसत्त्वाची २५-हायड्रॉक्सी नावाची तपासणी. अँटी-टीपीओ, म्हणजे प्रतिकारशक्ती ग्रंथीवर हल्ला करतेय का ते सांगणारी तपासणी, आयुष्यात एकदा केली तरी चालते. ती दर वेळी करून उपचार बदलत नाहीत, म्हणून त्यावर पुन्हा पुन्हा पैसे घालवू नका. सत्तर-ऐंशी ओळींची पॅकेजं असतात, त्यात कित्येकदा फेरिटिनच नसतं. यादी वाचून मगच नाव द्या.

रक्त सकाळी द्या, त्या दिवशीची थायरॉईडची गोळी घेण्याआधी. टीएसएच दिवसभरात वरखाली होतो, पहाटे जास्त आणि दुपारी कमी, म्हणून दर वेळी साधारण एकाच वेळी आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये. ताप किंवा मोठा संसर्ग चालू असेल तर फेरिटिन पुढे ढकला, कारण शरीरात दाह असला की फेरिटिन फुगून दिसतं आणि कमतरता झाकली जाते.

आणि बायोटिन! केसगळतीवर ज्या गोळ्या मिळतात त्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरात बघा. रोजची गरज ३० मायक्रोग्रॅम असताना त्यांत ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅम बायोटिन असतं. त्याने थायरॉईडला काही इजा होत नाही, पण लॅबच्या अनेक यंत्रांची तपासणी त्यामुळे चुकते. टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसू शकतो. असा रिपोर्ट बघून चांगला चाललेला डोस कमी केला जातो. तपासणीआधी निदान दोन दिवस ती गोळी थांबवा, डोस मोठा असेल तर आणखी किती दिवस ते विचारा, आणि लॅबमध्ये आपण ती घेतो हे सांगा.

पायरी दुसरी: घड्याळ लावा

माझ्या मते या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच.

उपचाराच्या दुसऱ्या वर्षी कंबरदुखीवर मला कॅल्शियमची गोळी मिळाली. दोन्ही गोळ्या आठवणीने घेतल्या जाव्यात म्हणून मी त्या सकाळी एकत्रच घ्यायला लागले. तीन महिन्यांत टीएसएच ३ वरून ९.४ वर गेला. डोस ७५चा १०० मायक्रोग्रॅम झाला. कॅल्शियम कधी घेता हे कुणी विचारलं नाही आणि ते सांगायला हवं हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी कोपऱ्यावरच्या औषधवाल्या काकांनी दोन्ही पाकिटं बघून विचारलं, "ताई, या बरोबर नाही ना घेत?" मी कॅल्शियम रात्रीवर नेलं. दोन महिन्यांनी छातीत धडधड, हात थरथरणं, टीएसएच ०.२. आता गोळी पूर्ण शोषली जात होती आणि १०० हा डोस जास्त झाला होता. पुन्हा ७५ वर आलो. आजार तसाच होता, फरक फक्त वेळेचा होता.

कारण सोपं आहे. कॅल्शियम आणि लोह आतड्यात लेव्होथायरॉक्सिनला धरून ठेवतात, मग ते रक्तात जात नाही. म्हणून थायरॉईडची गोळी आणि लोह, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन, अँटासिड यांच्यात चार तासांचं अंतर ठेवायचं. सोया दूध, सोयाबीनच्या वड्या किंवा इसबगोलही गोळीच्या जवळ नको.

गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे ३० ते ६० मिनिटं काही नाही. इथे आपल्या घरांमध्ये सगळ्यात मोठी अडचण चहाची. "मी काही खाल्लं नाही, फक्त चहा घेतला," असं आपण सहज म्हणतो. दूध घातलेला चहा हे गोळीच्या दृष्टीने खाणंच आहे. कॉफीही तशीच, बिनदुधाचीसुद्धा. थोडं थांबा, चहा कुठे पळून जात नाही.

माझा दिवस सध्या असा आहे. पहाटे पावणेसहाला उठल्या उठल्या थायरॉईडची गोळी आणि पेलाभर पाणी. पावणेसातला चहा. साडेसातला नाश्ता. लोहाची गोळी चालू होती तेव्हा ती अकराला, लिंबूपाण्याबरोबर, आणि ऑफिसातला अकराचा चहा बंद. बी-१२ दुपारच्या जेवणानंतर. त्याची थायरॉईडच्या गोळीशी अडवणूक होत नाही, ते फक्त सोयीसाठी तिथे. कॅल्शियम रात्री जेवताना. लोह आणि कॅल्शियम एकमेकांनाही अडवतात, म्हणून त्यांचीही गाठ पडू द्यायची नाही.

सकाळ शक्यच नसेल, म्हणजे रात्रपाळी असेल किंवा पहाटे लोकल पकडायची असेल, तर थायरॉईडची गोळी रात्री झोपतानाही चालते, पण शेवटच्या घासानंतर तीन तासांनी. नऊला जेवलात तर बाराला. झोपताना हळद घालून दूध घेण्याची सवय असेल तर हा मार्ग तुमचा नव्हे. डॉक्टरांशी बोलून एक वेळ ठरवा आणि तीच ठेवा. रोज सारखं वागलात की डोस त्याप्रमाणे बसवता येतो. एक दिवस पहाटे, दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर, असं झालं की आकडे कशाने हलले ते कुणालाच सांगता येत नाही.

उपवासाच्या दिवशीही गोळी घ्यायची. एकादशीला पाण्याबरोबर घेतलेलं औषध हे खाणं नव्हे.

पायरी तिसरी: लोह

लॅबच्या कागदावर फेरिटिनची मर्यादा १० किंवा १५ पासून सुरू होते, म्हणून १६ला 'नॉर्मल' छापून येतं. बरेच डॉक्टर ३०च्या खाली लोहाची कमतरता धरतात. हिमोग्लोबिन १२.५ असूनही फेरिटिन ९ असू शकतं, कारण शरीर आधी साठा संपवतं आणि हिमोग्लोबिन शेवटी उतरतं. तेव्हा नुसतं हिमोग्लोबिन बघून निश्चिंत होऊ नका.

कमतरता सापडली की पुढचा प्रश्न: लोह जातंय कुठे? पाळीत जास्त रक्तस्राव, मूळव्याध, जठराचा आजार. पुरुषांमध्ये आणि पाळी थांबलेल्या बायकांमध्ये लोह कमी निघालं तर पोटातून, आतड्यातून रक्त जात नाही ना हे तपासल्याशिवाय राहू नये. एक उलट प्रकारही सांगते. रक्तपेशी आकाराने लहान, हिमोग्लोबिन थोडं कमी, पण फेरिटिन भरपूर, तर थॅलसेमिया मायनर (आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा सौम्य दोष) असू शकतो. सिंधी, लोहाणा, कच्छी अशा काही समाजांत तो जास्त दिसतो. तिथे लोहाच्या गोळ्या घेत राहणं चुकीचं आहे. म्हणूनच मोजल्याशिवाय लोह नको.

गोळी चालू झाली की शौच काळी होते, घाबरू नका. बद्धकोष्ठता मात्र थायरॉईडमुळे आधीच असते, त्यात भर पडते. गोळीने पोट बिघडलं म्हणून ती परस्पर बंद करण्यापेक्षा डॉक्टरांना एक दिवसाआड घेतली तर चालेल का ते विचारा. लोहाचा डोस पोटात गेला की शरीरात हेप्सिडिन नावाचं हार्मोन साधारण दिवसभर वाढतं आणि पुढच्या डोसचं शोषण अडवतं. त्यामुळे एक दिवसाआड घेतलेली गोळी तुलनेने चांगली शोषली जाते आणि त्रासही कमी होतो.

हिमोग्लोबिन महिन्याभरात चढायला लागतं. साठा भरायला मात्र पुढचे तीन महिने तरी गोळी चालू ठेवावी लागते. थोडं बरं वाटलं की सोडायची हीच इथली नेहमीची चूक.

जेवणात काय? मोड आलेली मटकी, चवळी, हरभरे, राजगिरा, अळीव. मोड आणल्याने कडधान्यातले लोह अडवणारे घटक कमी होतात आणि वरून लिंबू पिळलं की शोषण वाढतं, म्हणजे उसळीवर लिंबू ही आपली जुनी सवय अगदी योग्य आहे. लोखंडी कढईत आमटी, कोकमाचं सार असं आंबट शिजवलं की लोह अन्नात उतरतं. मांसाहार करत असाल तर मटण आणि कलेजीतलं लोह सगळ्यात सहज शोषलं जातं. जेवणाला लागून चहा नको, तास-दीड तास जाऊ द्या. नुसत्या गुळाने फेरिटिन ७चं ४० होत नाही, हे मी स्वतः करून पाहिलं आहे. त्या पातळीला गोळीच लागते.

पायरी चौथी: बी-१२

मांस, मासे, अंडी, दूध-दही, एवढेच याचे भरवशाचे स्रोत. इडली, आंबवलेलं पीठ, स्पिरुलिना यांवर विसंबू नका. शाकाहारी घरांत त्यामुळे कमतरता खूप दिसते, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखी. (ॲसिडिटीच्या त्याच गोळीने थायरॉईडच्या गोळीचं शोषणही कमी होऊ शकतं. ती अजून लागते का हे एकदा विचाराच.)

२०० पिकोग्रॅमच्या खाली आकडा म्हणजे कमतरता, २०० ते ३०० हा काठावरचा पट्टा. काठावर असाल आणि तळपायाला मुंग्या येत असतील, जीभ लाल होऊन चुरचुरत असेल, चालताना तोल जात असेल तर आकड्यावर वाद घालत बसू नका, लगेच दाखवा. नसांचं नुकसान फार दिवस चालू राहिलं तर ते पूर्ण भरून येत नाही. मुंग्या, तोल जाणं अशी लक्षणं असली की डॉक्टर बहुधा इंजेक्शन देतात. नाहीतर १,००० किंवा १,५०० मायक्रोग्रॅमची गोळी पुरते. जठराने साथ सोडलेली असली तरी एवढ्या मोठ्या डोसमधला थोडासा भाग थेट शोषला जातो.

बी-१२ तपासल्याशिवाय नुसतं फॉलिक ॲसिड सुरू करू नका. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांची झीज आत चालूच राहते.

पायरी पाचवी: ड जीवनसत्त्व

२० नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता. आपल्याकडे साधारणपणे ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, आणि मग महिन्यातून एकदा अशी लिहून देतात. पुडी दुधातून घेतात, त्यामुळे ती सकाळच्या थायरॉईडच्या गोळीजवळ नको. रविवारी दुपारी जेवणाबरोबर घ्या, म्हणजे वारही लक्षात राहतो आणि जेवणातल्या तुपातेलामुळे शोषणही होतं.

एक कळकळीची विनंती. 'आठवड्याला एक' हे 'रोज एक' असं वाचलं जाऊन रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढल्याच्या घटना घडतात, विशेषतः घरातल्या वयस्कर माणसांच्या बाबतीत. पाकिटावर ठळक पेनाने वार लिहा. आठ आठवड्यांचं लिहून दिलेलं दोन वर्षं चालू ठेवू नका. मळमळ, सारखी तहान, गोंधळल्यासारखं होणं असं दिसलं तर पुडी थांबवून डॉक्टरांकडे जा.

ज्यावर पैसे घालवू नयेत

आयोडीन. 'थायरॉईड म्हणजे आयोडीन कमी' हे अर्धवट खरं आहे. हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं आणि १९६२ मध्ये देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज साधं आयोडीनचं मीठ घरात असेल तर बहुतेकांची गरज (मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम) भागते. हाशिमोतोत वरून आयोडीनचे थेंब किंवा समुद्रशेवाळाच्या गोळ्या घेतल्या तर ग्रंथी आणखी बिघडू शकते. पण पूर्णपणे सैंधव किंवा गुलाबी मिठावर गेला असाल तर रोजच्या स्वयंपाकात आयोडीनचं मीठ परत आणा, बाळाचा विचार चालू असेल तर नक्कीच.

सेलेनियम या खनिजाची गोळी सर्रास घ्यावी इतका भक्कम पुरावा नाही. रोजची गरज ५५ मायक्रोग्रॅम, ४००च्या वर ते घातक.

कोबी, फ्लॉवर, मुळा शिजवून खा, काही होत नाही. बाजरीत ग्रंथीला अडवणारे घटक असतात हे खरं, पण तुमचं हार्मोन आता गोळीतून येतंय आणि मिठात आयोडीन आहे. संक्रांतीची बाजरीची भाकरी सोडायचं कारण नाही.

पायरी सहावी: पुन्हा मोजा, आणि एका वेळी एकच बदल

लेव्होथायरॉक्सिन रक्तातून निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे कुठल्याही बदलाचा खरा परिणाम टीएसएचमध्ये दिसायला सहा ते आठ आठवडे जावे लागतात. डोस बदलला, कंपनी बदलली, लोह किंवा कॅल्शियम सुरू झालं, प्रत्येक वेळी तेवढे आठवडे थांबून तपासा. फेरिटिन आणि ड तीन महिन्यांनी. वेळा सुधारल्या किंवा पोटाचा आजार बरा झाला की शोषण वाढतं आणि जुना डोस जास्त होऊ शकतो. धडधड, घाम, झोप उडणं याकडे लक्ष ठेवा.

दिवस गेले तर

पाळी चुकली, चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा. गरोदरपणात थायरॉईडचा डोस बहुधा वाढवावा लागतो आणि पहिल्या तीन महिन्यांत बाळ पूर्णपणे आईच्या हार्मोनवर असतं. पुढे चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यातून लोह-फॉलिक ॲसिडच्या लाल गोळ्या (६० मिलिग्रॅम लोह) आणि ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या दिवसाला दोन गोळ्या मिळतात. तीन औषधं आणि तिन्ही एकमेकांना अडवणारी. मग असं बसवा: पहाटे थायरॉईड, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, आणि लोह झोपताना, जेवणानंतर दोन तासांनी. हा कागद फ्रिजवर लावा आणि घरातल्यांनाही दाखवा, म्हणजे प्रेमाने कुणी सगळ्या गोळ्या एकाच वाटीत काढून देणार नाही.

डॉक्टरांकडे जाताना एका पानावर एवढं लिहून न्या: थायरॉईडची गोळी किती वाजता, त्यानंतर पहिला चहा किती वाजता, महिन्यात किती गोळ्या चुकल्या, पाळी किती दिवस आणि किती जाते. आणि चालू असलेलं सगळं एका पिशवीत घालून न्या. केसांची गोळी, प्रोटीन पावडर, आयुर्वेदिक चूर्ण, आईने दिलेलं कॅल्शियम, सगळंच.